परीक्षेसाठी राखलेली दाढ

मी डेंटल कॉलेजला गेले आणि आमच्या कोपरीच्या दोन खोल्यांत माणसांच्या दातांची बरणी आली. बरणी लोणच्याचीच, रुंद तोंडाची. आत औषधाच्या पाण्यात चाळीस-पन्नास दात बुडालेले. हात बसायला खरे दात लागत आणि खरे दात काही दुकानात मिळत नाहीत, तेव्हा आम्ही मुलं-मुली दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन "सर, काढलेले दात टाकू नका, आमच्यासाठी ठेवा," अशी विनवणी करत हिंडायचो. ठाण्यातले पाच दवाखाने मी बांधून घेतले होते. आईने ती बरणी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच धरून तिने विचारलं, "मेलेल्यांचे का जित्यांचे गं?" मी म्हटलं, "जित्यांचे. दुखत होते म्हणून काढले." "मग असू दे," ती म्हणाली. पण बरणीची जागा तिने मोरीच्या फळीवर ठरवली, आणि पाहुणे यायचे असले की ती त्यावर टॉवेल टाकायची. शेजारच्या साळवीकाकूंनी एकदा तो टॉवेल उचलून पाहिला आणि नंतर आठवडाभर त्या आमच्याकडे चहा प्यायल्या नाहीत.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मात्र ती बरणी फार आवडायची. ते वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत फिटर होते. सकाळी सायकलवरून कोपरीचा पूल ओलांडून जायचे आणि संध्याकाळी हाताला ग्रीसचा वास घेऊन यायचे. पहिल्या वर्षी आम्हाला मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावत. माझे दात बटाट्यासारखे व्हायचे. एका संध्याकाळी अण्णांनी हातपाय धुतले, बरणीतली एक दाढ चिमट्याने काढून रुमालावर ठेवली, आपली व्हर्नियर पट्टी आणली आणि माझ्या मेणाच्या दाढेशी ताडून पाहायला लागले. "मंदे, इथं अर्धा मिलिमीटर जास्त सोडलायस. आणि हा कोपरा मारलास, तो मारायचा नव्हता." त्यानंतर वर्षभर माझे सगळे दात आम्ही दोघांनी मिळून कोरले. स्टोव्हचा आवाज, मेणाचा वास, बाहेर ओहोटी लागली की खाडीकडून येणारा चिखलाचा दर्प, आणि मधूनच अण्णांचं "थांब, आणखी नको." मला आजही मेण वितळल्याचा वास आला की आधी भूक लागते, कारण तो वास आणि आईच्या बोंबलाच्या चटणीचा वास एकाच वेळी घरात असायचे.

अण्णांचा एक हट्ट होता. कुठलीही वस्तू मोडली की ती बदलायची नाही, दुरुस्त करायची. आमच्या घरातली छत्री, स्टोव्ह, इस्त्री, आईच्या चपलेचा अंगठा, सगळ्यावर त्यांच्या हाताची एखादी तार किंवा रिव्हेट होती. "स्क्रॅपमध्ये टाकायला अक्कल लागत नाही," हे त्यांचं वाक्य. कॉलेजात आम्हाला एक विषय होता, किडलेला दात कोरून, भरून, पुन्हा कामाला लावायचा. मी त्यांना त्याबद्दल सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की म्हणाले, "हे खातं चांगलं आहे. तू याच खात्यात राहा." कंपनीत विभागाला खातं म्हणतात, म्हणून आमच्या घरी माझ्या कॉलेजचीही खाती झाली. दात वाचवायचं खातं, दात काढायचं खातं, कवळीचं खातं. मी वाचवायच्या खात्यातली.

आता कोट्याची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. शेवटच्या दोन वर्षांत प्रत्येकाला ठरलेली कामं पूर्ण करावी लागत: इतक्या दातांत चांदी भरायची, इतके दात काढायचे, दातांचे इतके एक्स-रे फोटो. याला कोटा म्हणत. कोटा भरला नाही तर परीक्षेला बसू देत नसत. कॉलेजच्या दारात रोज पेशंट यायचे, पण विद्यार्थी त्यांच्याहून जास्त, त्यामुळे एकेका किडलेल्या दाढेवरून आमची भांडणं व्हायची. मग ज्याने त्याने आपापल्या घरचे, गल्लीतले, गावचे लोक आणायचे. माझ्या बाजूने आई मैदानात उतरली. नळावर, भाजीवाल्याकडे, विहाराच्या पायरीवर ती लोकांना तोंड उघडायला लावायची. "दाखव बरं. आहे, आहे, किडलीय. उद्या जा मंदासोबत." साळवीकाकूंची दातांबद्दलची किळस तिने अशीच घालवली, त्यांच्या दोन दाढा माझ्याकडून भरून घेऊन. आमच्या चाळीत चौदा जणांच्या तोंडात माझी चांदी होती. अण्णा तेवढे टाळायचे. ते तंबाखू खायचे, चुना लावून, तळहातावर मळून. "माझं तोंड बघण्यासारखं नाही," एवढंच म्हणायचे आणि सायकल पुसायला घ्यायचे.

त्याच काळात आम्हाला शेकावर सहा व्याख्यानं झाली. लोक रेडिएशनला शेकच म्हणतात, अजूनही. बाहेरच्या हॉस्पिटलातून एक डॉक्टरबाई शिकवायला यायच्या, सुती साडी नेसणाऱ्या, हळू बोलणाऱ्या. फळ्यावर त्यांनी जबड्याचं चित्र काढलं आणि ज्या भागावर शेक पडतो तो खडूने भरून टाकला. म्हणाल्या, "शेक दिलेलं हाड मेलेलं नसतं. पण त्याच्यात दुरुस्तीची ताकद राहत नाही. अशा हाडातला दात नंतर काढाल तर जखम भरणार नाही. हाड उघडं पडेल, सडेल, मोडेल. म्हणून शेकाच्या आधी वाईट दात काढून टाका, जखमा भरू द्या, मगच पेशंट आमच्याकडे पाठवा. आणि संशय असेल तर? संशय असेल तरी काढा." हा प्रश्न आम्हाला लेखी परीक्षेत आला. मी दोन पानं लिहिली आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले. हे इतक्या तपशिलात सांगते आहे, कारण नंतर अनेकदा मी स्वतःची समजूत घालून पाहिली की मला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

शेवटच्या परीक्षेत प्रात्यक्षिकाला स्वतःचा पेशंट स्वतः न्यायचा असे. आणि पेशंट कसाही चालत नसे. खालच्या दाढेत, दोन दाढांच्या फटीतली कीड हवी, फार लहान नको, फार मोठी नको. तिला आम्ही परीक्षेची दाढ म्हणायचो. मुलं अशी दाढ सापडली की महिनाभर त्या माणसाची सरबराई करायची, दुसऱ्याने पळवू नये म्हणून. माझी ठरलेली पेशंट, साळवीकाकूंची भाची, ऐन वेळी सासरी निघून गेली. मी रडकुंडीला आले. तेव्हा अण्णा स्वतःहून स्टुलावर बसले, खिडकीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "बघ बाई. काही मिळतंय का बघ."

मी आरसा आत घातला. तंबाखूने तपकिरी झालेले दात, आणि खाली डावीकडे, दुसऱ्या दाढेत, अगदी हवी तशी कीड. मला इतका आनंद झाला की मी "आई, सापडली!" म्हणून ओरडले. मग आणखी नीट दिसावं म्हणून आरशाने जीभ बाजूला सारली, आणि जिभेच्या कडेला ती जखम दिसली. नखाएवढी, कडा उचललेल्या. बोटाने दाबली तर टणक. "हे किती दिवसांपासून आहे?" "असेल तीनेक महिने. दात लागतो तिथे." आई स्वयंपाकघरातून विचारत होती, "काय सापडलं गं?" आधी दाढ दिसली होती आणि मला आनंद झाला होता, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. फार तर अर्ध्या मिनिटाचा आनंद, पण तो झाला होता.

पुढचं सगळं भराभर झालं. जखमेचा तुकडा तपासला, कॅन्सर निघाला, पण लवकर सापडला होता. त्या सुती साडीवाल्या डॉक्टरबाईंच्याच हॉस्पिटलात आम्ही गेलो. त्यांनी अण्णांना बसवून समजावलं की ऑपरेशन न करता शेकावर भागेल, आणि मला म्हणाल्या, "तुम्ही घरच्याच आहात, बरं झालं. दातांची तयारी तुमच्या कॉलेजातच करून घ्या." चिठ्ठीवर त्यांनी काढायच्या दातांची यादी दिली. सहा दात नक्की. आणि त्या डाव्या दाढेपुढे प्रश्नचिन्ह: फोटो काढून ठरवावे.

तो फोटो मीच काढला. तेव्हा पेशंटने फिल्म स्वतःच्या अंगठ्याने तोंडात दाबून धरायची असे. अण्णांनी ती अशी धरली की जरासुद्धा हलली नाही. काळोख्या खोलीत मीच फिल्म धुतली, क्लिपला लावून वाळवली आणि दिव्यावर धरली. दाढेच्या मुळाच्या टोकाशी एक काळसर छाया होती, हरभऱ्याच्या डाळीएवढी. छाया म्हणजे आत पू, म्हणजे दात मेलेला, म्हणजे काढायचा. परीक्षा आठ दिवसांवर होती. दुसरा पेशंट नव्हता.

दात काढायच्या खात्यात पारखीसर होते, सरळ मनाचे, कामाखाली दबलेले गृहस्थ. त्यांनी सहा दात दोन बैठकींत काढले. मग फिल्म खिडकीकडे धरून डोळे बारीक केले. "मुळाशी काळं दिसतंय का गं तुला?"

मी म्हणाले, "फिल्मवरचा डाग आहे, सर. धुताना माझ्याकडून नीट धुतली गेली नाही."

"पुन्हा काढतेस फोटो?"

"काढते, सर. पण दाढ हलत नाही, ठोकली तरी दुखत नाही. वाचेल असं वाटतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर वीस माणसं बाकावर बसली होती. "तुझे वडील आहेत. वाईट का करशील तू," ते म्हणाले आणि सही केली. दुसरा फोटो मी काढला, पण परीक्षेच्या कार्डाला लावायला लागतो तसला, ज्यात दाताचा फक्त वरचा भाग येतो. मूळ येतच नाही.

मी काय विचार करत होते ते आता साठी उलटल्यावर नीट सांगता येईल असं वाटलं होतं, पण नाही येत. मी अण्णांचं वाईट चिंतलं असं तर कुणी म्हणणार नाही. मला खरोखर वाटत होतं की तो डाग असू शकेल. असू शकेल, एवढ्यावर मी उभी राहिले. आणि अण्णांनी रिकाम्या हिरड्यांवरून जीभ फिरवत विचारलं, "ही राहणार का मग?" तेव्हा मी म्हणाले, "राहणार. दुरुस्त होणार." ते हसले. ओठाच्या कोपऱ्यात अजून रक्ताचा डाग होता. "चला. यादीतला एक तरी पार्ट ओरिजिनल राहिला."

परीक्षेच्या दिवशी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. साडेतीन तास तोंड उघडं ठेवून बसले, जिभेला जखम असताना. मी कीड कोरत गेले. कीड खोल होती, वाटली होती त्याहून खोल. इतक्या खोलात जिवंत दाताला असं कोरलं तर माणूस खुर्चीतून उठतो. मी दोनदा विचारलं, "दुखतंय का, अण्णा?" त्यांनी हाताने नाही म्हटलं. तेव्हाही मला कळायला हवं होतं. मला वाटलं, माझ्यासाठी सोसताहेत. सोसत नव्हते, खरंच दुखत नव्हतं, कारण ती दाढ मेलेली होती. मी खलात चांदी आणि पारा घोटला, फडक्यातून पिळला, भरला, दाबला. दाबताना ती कुरकुरते, नव्या चपलेसारखी. मग दाढेचे उंचवटे कोरले, अण्णांनी शिकवले होते तसे, कोपरे न मारता. बाहेरून आलेले परीक्षक वाकून पाहत राहिले. "हात कुणाचा आहे हा?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "माझा, सर." अण्णांनी तोंड मिटलं आणि माझ्याकडे बोट करून मान हलवली. त्या विषयात मी कॉलेजात पहिली आले.

शेक सुरू झाला. गालावर जांभळ्या शाईने चौकोन काढला होता, तो धुवायचा नव्हता. तीस-पस्तीस दिवस आई त्यांना रोज घेऊन जायची. गालावरची दाढी एका बाजूने गळली. तोंडातली लाळ आटली ती पुन्हा आली नाही. ज्वारीची भाकरी घशात अडकायला लागली, म्हणून आई ती दुधात कुस्करून द्यायची आणि ते मुकाट खायचे. तिखट तर बंदच. रविवारचं मटण आमच्या घरात होईनासं झालं, कारण वास आला की त्यांचे डोळे भरायचे आणि खाता यायचं नाही. पण जखम भरली. जीभ मऊ झाली. डॉक्टरबाईंनी बोटाने चाचपून "गेलं" म्हटलं तेव्हा आई त्यांच्या टेबलाला धरून रडली. अण्णा कामावर परत गेले, पाण्याची बाटली सायकलला अडकवून. रविवारी सकाळी विहारात ते पंचशील सांगायचे आणि बाकीचे त्यांच्या मागून म्हणायचे. तेही पुन्हा सुरू झालं, मधेमधे पाण्याचा घोट घेत. आई सगळ्यांना सांगायची, "सगळे किडके दात काढायला लावले त्यांनी, पण तेवढी एक दाढ माझ्या पोरीने वाचवली." आणि ऐकणारा म्हणायचा, वा.

दीड वर्ष गेलं. मी पास होऊन डोंबिवलीच्या एका दवाखान्यात कामाला लागले होते. त्या दाढेला पू झाला आणि अण्णांनी तो माझ्यापासून लपवला. आईला म्हणायचे, कान दुखतोय. मला वाटायचं, घरी दातांची डॉक्टर असताना दात दुखला तर कुणी सांगणार नाही का? पण ते काम माझ्या हातचं होतं, परीक्षकांनी वाखाणलेलं. ते बिघडलं असं त्यांनी मला कसं सांगावं? जबड्यावर सूज दिसायला लागली तेव्हा मी त्यांना खिडकीपाशी बसवलं. तोंड एका बोटाएवढंच उघडत होतं. आत पाहिलं. माझ्या चांदीच्या कडेने हिरडीतून पू येत होता.

आम्ही तिघं हॉस्पिटलात गेलो. आईला आत सोडलं नाही, ती बाहेर बाकावर बसली. डॉक्टरबाई निवृत्त झाल्या होत्या. दुसरे सर्जन होते, चाळिशीचे, तापट. त्यांनी फोटो काढून घेतला, दिव्यावर लावला आणि पेनने त्या चांदीवर टकटक केलं. आता छाया हरभऱ्याच्या डाळीएवढी नव्हती, जबड्याच्या कडेपर्यंत पोचली होती. "शेकाच्या आधी भरली ही?" अण्णांनी मान हलवली. "सडलेली दाढ ठेवून वर चांदी भरली? कुणी केलं हे?"

मी अण्णांच्या खुर्चीच्या मागे उभी होते. माझ्या तोंडून शब्द येईल असं मला वाटत होतं. मी वाट पाहत होते, दुसऱ्या कुणाच्या शब्दाची पाहावी तशी. अण्णांनी बाटलीतलं पाणी ओठांना लावलं. मग ते बोलले, एकेक शब्द दातांआडून ओढून काढत. "कल्याणला. एक दवाखाना होता."

"नाव काय डॉक्टरचं?"

"आठवत नाही. आता कुणी बसत नाही तिथं."

"बसत नाही तेच बरं," सर्जन म्हणाले. "भेटला तर सांगा त्याला, एका बऱ्या झालेल्या माणसाचा जबडा घालवलास म्हणून." मग माझ्याकडे वळले. "तुम्ही डेंटिस्ट ना? मुलगी ना यांची? तुम्ही तरी बघायचं नाही का?"

"हो, सर," मी म्हणाले. एवढंच म्हणाले.

खोटं न बोलण्याचं चौथं शील अण्णा दर रविवारी शंभर माणसांकडून म्हणवून घ्यायचे. मी त्यांना त्याआधी एकदाही खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. कंपनीत उशीर झाला तर सायकल पंक्चर झाली असंसुद्धा ते सांगत नसत. त्या दिवसानंतर ते विहारात वंदना सांगायला गेले नाहीत. तोंडामुळे, असं आम्ही सगळेच म्हणायचो. तोंडामुळेच असेल.

दाढ काढावी लागली आणि सहा व्याख्यानांत शिकवलं होतं तसंच सगळं झालं, पायरी न चुकता. जखम भरली नाही. हाड उघडं पडलं, पिवळसर, मग करडं. रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी ती जागा धुवायची. अण्णा मान वर करून, डोळे मिटून बसायचे. घरात एक वास राहू लागला. साळवीकाकू तेव्हाही यायच्या, दारातच न थांबता आत येऊन बसायच्या, त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. एका दुपारी मऊ भात खाताना जबडा मोडला. आवाज आईनेही ऐकला. त्यानंतर फक्त नळीने दूध आणि पेज. एकदा जागा धुताना मी सुरुवात केली, "अण्णा, त्या फिल्मवर मला तेव्हाच—" त्यांनी डोळे उघडले, माझ्या मनगटावर बोटं ठेवली आणि डोक्याने नाही म्हटलं. मला तेवढं पुरलं. मी थांबले. आज वाटतं, थांबायला मला निमित्तच हवं होतं. तीन वर्षं ते असे जगले आणि एका पावसाळ्याच्या शेवटी छातीत कफ भरून गेले. कॅन्सर शेवटपर्यंत परत आला नव्हता.

मी पस्तीसहून अधिक वर्षं दात पाहते आहे. शेकाच्या आधी माझ्याकडे येणाऱ्यांचे संशयित दात मी काढते, आणि खरं सांगायचं तर ज्यांच्याबद्दल संशय नसतो त्यांतलेही काही काढते. मागच्या वर्षी वर्तकनगरची एक बाई आली होती, शाळेत गाणं शिकवणारी. पुढचा एक दात दाखवून म्हणाली, "मॅडम, हा तरी ठेवता नाही येणार?" मी नाही म्हणाले. तो ठेवता आला असता. ती रडली, मी कापूस दिला, आणि आत जाऊन पाच मिनिटं हात धूत उभी राहिले. माझ्या भीतीचा दंड लोक भरताहेत, हे मला कळतं.

आई आता माझ्याकडेच असते, डोंबिवलीला. चौऱ्याऐंशीची आहे, कानाने बरी, डोळ्यांनी अधू. नवी मदतनीस ठेवली तिलाही तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "शेकाने हाड जाळलं त्यांचं. नाहीतर हिने दाढ वाचवली होती." आजवर मी असं ऐकलं की उठून दुसऱ्या खोलीत जायची. हे प्रकरण लिहायला घेतलं आणि लक्षात आलं की कागदावर सांगायचं आणि तिला नाही, हे काही खरं नाही. मागच्या मंगळवारी दुपारी ती मेथी निवडत बसली होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. फिल्म, डाग, परीक्षा, कल्याणचा दवाखाना. तिने मेथी निवडणं थांबवलं नाही. जुडी संपल्यावर काड्या कागदात गुंडाळल्या आणि पडायला गेली.

चहाच्या वेळी उठून आली. कप दोन्ही हातांत धरून बसली. मला वाटलं, दाढेबद्दल बोलेल. मी त्याची तयारी तीस वर्षं केली होती.

"त्या डॉक्टरनं विचारलं, तेव्हा तू तिथंच होतीस?"

"हो. त्यांच्या खुर्चीमागे."

"त्याच्या आधी चार दिवस त्यांनी माझ्याशी शब्द बोलला नव्हता," आई म्हणाली. "इतकं दुखायचं. पाणी पाहिजे तर बोट दाखवायचे. ठाण्यापासून तिथवर मी बडबडत होते आणि ते नुसती मान हलवत होते." तिने कप खाली ठेवला, टेबलाची कड चाचपून. "दाढेचं जाऊ दे गं मंदे. चुकतं माणूस. पण त्या तोंडानं तू त्यांना बोलायला लावलंस?"